गर्दीची भाषा येणारे टिळक

१ ऑगस्ट म्हटलं की आपल्यातल्या निम्म्या लोकांना शाळेतलं भाषण आठवतं. शेंगा, टरफलं, बाणेदार उत्तर आणि टाळ्या. भाषण लिहून देणारे सर नाहीतर घरातलंच कुणीतरी. दहावीनंतर लोकमान्य टिळक जे गायब होतात, ते एकदम गणपतीत मंडळाच्या बॅनरवर भेटतात. पण कॉलेजच्या वयात टिळक पुन्हा वाचायला हवेत. लोकांपर्यंत कसं पोचायचं हे त्यांना पक्कं कळलं होतं. आणि पोचल्यावर लोकांना काय सांगायचं, काय टाळायचं, हा घोळ त्यांच्या आयुष्यात शेवटपर्यंत होता. रीच आणि फॉलोअर्स मोजणाऱ्या आपल्या पिढीच्या तर तो अगदी ओळखीचा आहे.

मास्तर, मग संपादक

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरीचा. वडील गंगाधरपंत शिक्षक. पुढे कुटुंब पुण्यात आलं. सोळाव्या वर्षी वडील गेले. डेक्कन कॉलेजात गणित घेऊन बी.ए., मग वकिलीची पदवी. सरकारी नोकरी सहज मिळाली असती. तिच्या वाटेला न जाता १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि इतर सोबत्यांबरोबर त्यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उभं केलं. तिथे गोपाळ गणेश आगरकर येऊन मिळाले. टिळक आणि आगरकर म्हणजे कॉलेजपासूनचे मित्र, रात्र-रात्र वाद घालणारे.

जानेवारी १८८१ मध्ये दोन पत्रं निघाली, मराठी ‘केसरी’ आणि इंग्रजी ‘मराठा’. ‘केसरी’चे पहिले संपादक टिळक नव्हेत, आगरकर. पुढच्याच वर्षी कोल्हापूर संस्थानच्या प्रकरणात अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि दोघं मित्र डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले. बाहेर आले तेव्हा लोक त्यांना ओळखायला लागले होते.

टिळकांचं लिखाण काय होतं? छोटी वाक्यं, रोजचे दाखले, म्हणी, पुराणातली उदाहरणं आणि मथळ्यातच सरकारला अडवणारा प्रश्न. त्या काळी इंग्रजी शिकलेले पुढारी सरकारला इंग्रजीत अर्ज लिहायचे. टिळक सरकारबद्दल लिहायचे, पण ते वाचणारा दुकानदार, शेतकरी, शाळामास्तर डोळ्यांपुढे ठेवून. एकाने मोठ्याने वाचायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचा, असा ‘केसरी’ गावोगाव चालला. १८९६ च्या दुष्काळात सरकारचा फॅमिन कोड त्यांनी सोप्या मराठीत लोकांपर्यंत नेला. पीक बुडालं तर सारासूट हा तुमचा हक्क आहे, एवढी साधी गोष्ट. पण सरकारी नियम शेतकऱ्याच्या हातात पडला की काय होतं, हे अधिकाऱ्यांना पहिल्यांदाच दिसलं.

फुलमणी आणि १८९१ चा कायदा

आता दुसरी बाजू. १८८९ मध्ये बंगालमध्ये फुलमणी नावाची जेमतेम दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली. त्यानंतर सरकारने संमतिवयाचं बिल आणलं. मुलींसाठीची मर्यादा दहावरून बारा वर्षं करायची, इतकाच बदल. आज वाचताना बारा हा आकडासुद्धा अंगावर येतो. टिळकांनी या बिलाला कडाडून विरोध केला. परक्या सरकारने आमच्या धर्मात आणि घरात कायदा घालू नये, सुधारणा लोकांना शिकवून हळूहळू व्हावी, असा त्यांचा मुद्दा होता.

गंमत अशी, की त्याआधी १८९० मध्ये स्वतः टिळकांनीच मुलीचं लग्न सोळाच्या आत आणि मुलाचं विसाच्या आत करू नये, असा प्रस्ताव मांडला होता. अट एकच. तो फक्त सही करणाऱ्यांनाच लागू व्हावा. म्हणजे बालविवाह वाईट हे त्यांना कळत होतं. पण ज्या लोकांच्या जोरावर इंग्रजांशी लढायचं, त्यांच्या घरात हात घातला तर ते लांब जातील, असा त्यांचा हिशोब. बिल पास झालं. टिळक मात्र सनातनी मंडळींचे हिरो झाले.

आगरकरांना हा हिशोब मान्य नव्हता. मतभेद आधीच वाढले होते. १८८७ मध्ये त्यांनी ‘केसरी’ सोडला आणि पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला. मग एकाच शहरात दोन जुने मित्र आपापल्या पेपरातून एकमेकांवर तुटून पडायला लागले. १८९५ मध्ये आगरकर गेले, चाळिशीही गाठली नाही. ‘केसरी’त मृत्युलेख टिळकांनीच लिहिला.

टिळकांनाही सनातन्यांचा चटका बसला होता. पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याच्या प्रकरणात रानड्यांसारख्यांबरोबर टिळकांचंही नाव आलं, गावभर वाद झाला. टिळकांनी प्रायश्चित्त घेऊन ते मिटवलं. एका कप चहावरून समाजाशी भांडण नको, एवढाच त्यातला अर्थ.

गणपती रस्त्यावर

१८९३ च्या सुमारास पुण्यात सार्वजनिक गणपती सुरू झाले. कल्पना एकट्या टिळकांची नव्हती, भाऊसाहेब रंगारी आणि इतरही त्यात होते. पण ‘केसरी’ची ताकद मागे उभी करून टिळकांनी तो उत्सव गावोगावी नेला. मेळे, पोवाडे, व्याख्यानं यातून राजकारण आपोआप लोकांच्या कानावर पडायचं. १८९६ मध्ये रायगडावर शिवजयंतीचा उत्सव झाला, त्यामागचं डोकंही हेच.

याची किंमतही होती. १८९३ मध्येच मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल झाली होती आणि सुरुवातीच्या मेळ्यांतल्या काही पदांमध्ये मुसलमानांविरुद्धचा राग सरळ दिसतो. मोहरमच्या ताबुतांत हिंदूही हौसेने जायचे, ते कमी झालं. उत्सवाने एक गर्दी जोडली, तेव्हाच दुसरी बाजूला पडली. आज तळोद्यात पावतीपुस्तक घेऊन वर्गणीला फिरताना हा इतिहासही माहीत असलेला बरा. आणखी एक गोष्ट. ‘केसरी’ची मराठी तेव्हा कितीही सोपी असली, तरी आपल्या सातपुड्याच्या पायथ्याशी घरात भिली, पावरी, अहिराणी बोलणाऱ्यांपर्यंत ती किती पोचली असेल? सोपं कुणासाठी, हे आधी विचारावं लागतं.

तीन खटले, सहा वर्षं

१८९७ मध्ये प्लेगच्या दिवसांत चापेकर बंधूंनी रँडला मारलं. ‘केसरी’तल्या लिखाणावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, दीड वर्षाची शिक्षा लागली. १९०५ च्या बंगालच्या फाळणीनंतर ते देशाचे पुढारी झाले. डिसेंबर १९०७ मध्ये काँग्रेस भरली सुरतेला, म्हणजे आपल्याला पुण्यापेक्षा जवळच्या गावी. तिथे जहाल-मवाळ भांडण इतकं पेटलं की व्यासपीठावर जोडा येऊन पडला, खुर्च्या उडाल्या आणि काँग्रेस फुटली.

१९०८ मध्ये पुन्हा राजद्रोह. या वेळी टिळकांनी मुंबईच्या हायकोर्टात स्वतःच बाजू मांडली, अनेक दिवस, तासन्‌तास. सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि मुंबईतल्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. पुण्याच्या ब्राह्मण पुढाऱ्यासाठी गिरणगाव बंद पडतं, ही साधी गोष्ट नव्हती. मंडालेच्या तुरुंगात पेन्सिलीने त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिलं, मराठीत. तिथे असतानाच १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई गेल्या.

सही राहिली

१९१४ मध्ये सुटलेले टिळक थोडे वेगळे होते. १९१६ मध्ये होमरूल लीग काढली. त्याच वर्षी लखनौला मुस्लिम लीगबरोबर करार झाला. मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ देणाऱ्या या करारावर टिळकांचेच पाठीराखे नाराज होते. टिळक हटले नाहीत, उलट त्यांना समजावत राहिले. आपल्या माणसांना न आवडणारी गोष्ट त्यांच्या गळी उतरवणं टिळकांना जमत होतं, याचा हा पुरावा.

म्हणूनच मार्च १९१८ चा प्रसंग जास्त टोचतो. मुंबईत अस्पृश्यता निवारणाची परिषद होती, विठ्ठल रामजी शिंदे तिच्या मागे होते. टिळक आले, अस्पृश्यतेविरुद्ध जोरदार बोलले. लोक खूश. मग वैयक्तिक आयुष्यात अस्पृश्यता पाळणार नाही, या जाहीरनाम्यावर सह्या घ्यायची वेळ आली. टिळकांनी सही केली नाही. पुण्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा वाद झाला, तेव्हाही पैसे कमी आहेत तर आधी मुलांचं बघा, मुलींचं नंतर, या बाजूला ते उभे राहिले.

१ ऑगस्ट १९२० ला मुंबईच्या सरदारगृहात टिळक गेले. चौपाटीवर लाखोंची गर्दी लोटली. त्याच दिवशी गांधीजींचं असहकार आंदोलन सुरू झालं.

परंपरा मानणाऱ्यांना माध्यमांतून संघटित करणं हा प्रयोग जगात इतरत्रही झाला. अमेरिकेत विल्यम बकली यांनी १९५५ मध्ये ‘नॅशनल रिव्ह्यू’ काढून विखुरलेल्या परंपरावाद्यांना एकत्र आणलं. रोनाल्ड रेगन राष्ट्राध्यक्ष होण्याआधी रेडिओवर छोटी, सोपी भाषणं करायचे. घरातल्या गप्पांच्या भाषेत बोलायचं आणि सरकारने आमच्या घरात लुडबूड करू नये म्हणायचं, हे सूत्र टिळकांच्या १८९१ च्या लेखांशी बरंच जुळतं. फरक मोठा आहे. टिळकांसमोर परक्यांचं राज्य होतं आणि त्यांनी त्यासाठी तुरुंग भोगला.

टिळकांना नुसतं देव्हाऱ्यात बसवणं किंवा नुसतं सनातनी म्हणून मोडीत काढणं, दोन्ही सोपं आहे. अवघड आहे ते त्यांच्या हिशोबाकडे बघणं. गर्दी हातात असताना तिला न आवडणारं सांगायचं की नाही? लखनौला त्यांनी सांगितलं, मुंबईत सहीच्या वेळी टाळलं. आपल्यातलं कुणी उद्या विद्यार्थी प्रतिनिधी होईल, कुणी मंडळाचा अध्यक्ष, कुणाच्या रीलला लाखभर व्ह्यूज येतील. तेव्हा हुंड्याबद्दल, जातीबद्दल किंवा वर्गातल्या मुलींबद्दल आपलीच माणसं चुकीचं बोलत असतील, तर आपण काय करणार? पुढच्या १ ऑगस्टच्या भाषणात शेंगांच्या गोष्टीनंतर हा प्रश्नही घ्यायला हरकत नाही.