गुस्ताव ल ग्रे
गुस्ताव ल ग्रे (३० ऑगस्ट १८२०, व्हिलिए-ल-बेल, फ्रान्स – ३० जुलै १८८४, कैरो, इजिप्त) हे सागरदृश्यांसाठी ख्यातनाम असलेले फ्रेंच छायाचित्रकार होते. त्यांनी पॉल दलारोश यांच्या चित्रशाळेत चित्रकलेचे शिक्षण घेतले. १८५१ मध्ये देशातील प्राचीन वास्तूंच्या छायाचित्रणासाठी शासनाने निवडलेल्या पाच छायाचित्रकारांत त्यांचा समावेश होता.

तत्कालीन कलोडियनयुक्त काच निळ्या प्रकाशाला अतिसंवेदनक्षम असे. समुद्राचे बारकावे उमटेपर्यंत आकाश पांढरे पडे, ढग नाहीसे होत आणि क्षितिजावरील भाग रिकामा राहून रचनेचा तोल ढळे. यावर उपाय म्हणून १८५६ ते १८५८ या काळातील काही सागरदृश्यांत ल ग्रे यांनी आकाश व समुद्र यांच्या स्वतंत्र निगेटिव्ह घेऊन त्या एकाच कागदावर छापल्या. सेत येथील प्रसिद्ध 'महालाट' (१८५७) या छायाचित्रात हा जोड क्षितिजरेषेवरच आहे. त्यामुळे क्षितिज ही केवळ आकाश व पाणी यांमधील सीमा न राहता दोहोंना समान महत्त्व देणारा रचनेचा कणा ठरली. ढगांची एकच निगेटिव्ह त्यांनी एकाहून अधिक दृश्यांत वापरली.

कीर्ती मिळूनही त्यांचा पॅरिसमधील व्यवसाय कर्जात बुडाला. १८६० मध्ये कुटुंबाला मागे ठेवून ते लेखक अलेक्झांडर द्यूमा यांच्यासमवेत सागरप्रवासास निघाले. पालेर्मो येथे त्यांनी गॅरिबाल्डी यांचे छायाचित्र घेतले. पुढे ते इजिप्तमध्ये स्थायिक झाले. तेथे त्यांनी चित्रकलेचे अध्यापन केले. मायदेशी ते परतले नाहीत.