एडा लव्हलेस

ऑगस्टा एडा किंग, लव्हलेसची काउंटेस (जन्म : लंडन, १० डिसेंबर १८१५, मृत्यू : लंडन, २७ नोव्हेंबर १८५२) या इंग्लिश गणितज्ञ होत्या. त्यांनी १८४३ मध्ये प्रसिद्ध केलेली आकडेमोडीची रीत हा जगातील पहिला संगणक प्रोग्रॅम मानला जातो.

बालपण व शिक्षण

एडा या कवी लॉर्ड बायरन व ॲनाबेला मिलबँक यांच्या कन्या. त्या काही आठवड्यांच्या असतानाच आईवडील विभक्त झाले. वडिलांची भेट पुन्हा झाली नाही. मुलीत वडिलांचा लहरी स्वभाव उतरू नये, म्हणून आईने तिला लहानपणापासून गणित शिकवले. पुढे मदुराई येथे जन्मलेले गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन यांनी त्यांना पत्रांद्वारे उच्च गणिताचे मार्गदर्शन केले. १८३५ मध्ये त्यांचा विल्यम किंग यांच्याशी विवाह झाला. त्यांना तीन अपत्ये होती.

कार्य

१८३३ मध्ये एडा यांची गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांच्याशी ओळख झाली. बॅबेज यांच्या नियोजित ‘ॲनॅलिटिकल एंजिन’ या गणकयंत्रावर लुइजी मेनाब्रेआ यांनी लिहिलेल्या फ्रेंच लेखाचे एडा यांनी इंग्रजी भाषांतर केले व त्याला सात टिपा जोडल्या. या टिपा मूळ लेखाच्या सुमारे तिप्पट आहेत. त्यांखाली पूर्ण नावाऐवजी केवळ आद्याक्षरे छापली गेली. शेवटच्या टिपेत बर्नूली संख्या यंत्राद्वारे काढण्याची रीत आहे. यंत्र अंकांपलीकडील चिन्हांवरही क्रिया करील, संगीतही रचू शकेल. मात्र स्वतःहून नवे काही निर्माण करणार नाही, असे त्यांचे मत होते. या मताचा ॲलन ट्युरिंग यांनी १९५० मध्ये प्रतिवाद केला.

श्रेयाविषयीचा वाद

बर्नूली संख्यांच्या रीतीत बॅबेज यांचा वाटा किती, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. त्यातील बीजगणित आपण करून दिले, परंतु त्यातील गंभीर चूक एडा यांनी शोधली, असे बॅबेज यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. यंत्राच्या व्यापक शक्यतांची कल्पना मात्र बहुतेक अभ्यासक एडा यांचीच मानतात.

मृत्यू व स्मृती

अखेरच्या वर्षांत घोड्यांच्या शर्यतींवरील पैजांमुळे त्या कर्जबाजारी झाल्या. गर्भाशयाच्या कर्करोगाने वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार हकनॉल येथील चर्चमध्ये वडिलांशेजारी त्यांचे दफन करण्यात आले. ॲनॅलिटिकल एंजिन कधीच पूर्ण झाले नाही. अमेरिकेच्या संरक्षण विभागासाठी तयार झालेल्या ‘एडा’ या संगणकभाषेला त्यांचे नाव देण्यात आले. अमेरिकी संगीतकार कमला शंकरम यांनी त्यांच्या जीवनावर एकांकी ऑपेरा रचला आहे.