थॉमस क्रॅपर

थॉमस क्रॅपर (बाप्तिस्मा: २८ सप्टेंबर, १८३६, थॉर्न, यॉर्कशायर, इंग्लंड – मृत्यू: २७ जानेवारी, १९१०, अ‍ॅनर्ली, लंडनजवळ) हे इंग्लिश नळकाम व्यावसायिक होते. शौचालयाची उपकरणे व सांडपाण्याच्या नळांची व्यवस्था यांतील सुधारणांसाठी ते ओळखले जातात.

जीवन

क्रॅपर यांनी १८५३ मध्ये लंडनमधील चेल्सी भागात आपला थोरला भाऊ जॉर्ज याच्याकडे नळकामाची उमेदवारी सुरू केली. १८६१ मध्ये त्यांनी स्वतःचा व्यवसाय थाटला. पुढे सँड्रिंगहॅम येथील राजनिवासातील नळकाम त्यांच्याकडे आले आणि राजघराण्याचे मान्यतापत्रही मिळाले. १९०४ मध्ये ते निवृत्त झाले. एल्मर्स एंड येथे त्यांचे दफन झाले, क्रिकेटपटू डब्ल्यू. जी. ग्रेस यांची कबरही तेथेच आहे.

कार्य

१८७१ मध्ये युवराज एडवर्ड विषमज्वराने मरणासन्न झाले होते. त्या दुखण्याचे खापर सदोष गटारांवर फोडण्यात आले आणि नळांतून घरात शिरणाऱ्या दूषित वायूची धास्ती श्रीमंत घरांनीही घेतली. हा वायू रोखण्यासाठी भांड्याखालील वाकड्या नळात (ट्रॅपमध्ये) थोडे पाणी साठवून ठेवतात. मात्र वरच्या मजल्यावरून पाण्याचा लोंढा उभ्या नळातून कोसळू लागला, की त्यामागे हवेचा दाब घटतो आणि ट्रॅपमधील पाणी खेचले जाऊन वायूला वाट मोकळी होते. छपरावर उघडा राहणारा वायुनळ (व्हेंट पाइप) जोडल्यास बाहेरची हवा आत येते, दाब समतोल राहतो व पाणी जागच्या जागी टिकते. वरच्या मजल्यावर नवे स्नानगृह बांधताना आजही वायुनळाची सोय पाहावी लागते, ती याच कारणासाठी.

क्रॅपर यांनी १८८१ ते १८९६ या काळात नऊ पेटंटे मिळवली. त्यांपैकी चार सांडपाण्याच्या नळांविषयी, तीन शौचालयाविषयी, एक मॅनहोलच्या झाकणाविषयी आणि एक नळांच्या सांध्याविषयी होते. १८८१ चे पेटंट घरातील सांडपाणी-नळांच्या वायुवीजनासंबंधी होते.

गैरसमज

फ्लशचे शौचालय क्रॅपर यांनी शोधले, हा समज चुकीचा आहे. जॉन हॅरिंग्टन यांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस असे शौचालय बनवले होते, तर अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ मध्ये वक्र ट्रॅप असलेल्या शौचालयाचे पेटंट घेतले. झडपविरहित टाकीचे १८९८ चे पेटंट अल्बर्ट गिब्लिन यांच्या नावे आहे. वॉलेस रेबर्न यांच्या १९६९ मधील विनोदी चरित्रामुळे क्रॅपर यांच्याविषयीच्या आख्यायिका अधिक रुजल्या. त्यांच्या आडनावाशी जुळणारा इंग्रजीतील ग्राम्य शब्दही त्यांच्या व्यवसायापूर्वीचाच आहे.

वारसा

क्रॅपर यांच्या पेढीचे नाव कोरलेली मॅनहोलची झाकणे लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीमध्ये पाहावयास मिळतात. शौचालयाच्या शोधाचे श्रेय त्यांचे नसले, तरी आरोग्यदायी नळकामाचा प्रसार करण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.