रोग्याला हात लावणारा वैद्य : सुन सिमियाओ

इ.स. 645 मध्ये ह्युएन त्संग भारतातून बौद्ध ग्रंथ घेऊन चीनच्या चांगआन नगरीत परतले, हे आपण जाणतो. त्याच काळात, त्याच परिसरातले एक थोर वैद्य म्हणजे सुन सिमियाओ. त्यांची ओळख आपल्या तरुणांना असावी असे आम्हाला वाटते.

सुन लहानपणी सतत आजारी असत. औषधपाण्यात घरची पुंजी संपली. आजारपण घर कसे धुऊन नेते, हे ते घरातच शिकले. पुढे दरबाराने बोलावूनही त्यांनी अधिकारपद नाकारले. 652 च्या सुमारास त्यांनी 30 खंडांचा वैद्यकग्रंथ लिहिला. माणसाचा जीव हजार सुवर्णांहून मोलाचा, हा त्याच्या नावाचा आशय.

तांग दरबाराच्या वैद्यक खात्यात मर्दनविद्येचे शिक्षक नेमलेले असत. सुन यांनी घरी करता येतील असे उपाय लिहून ठेवले. बाळ निरोगी असले तरी सकाळी त्याच्या टाळूला, तळहातांना, तळपायांना मलम चोळावे, असे ते सांगतात. आपल्या आज्या टाळू भरत, त्याचीच आठवण होते. अंग दाबताना रोगी जिथे दुखते किंवा बरे वाटते म्हणेल, तीच उपचाराची जागा. म्हणजे रोग्याचा शब्द प्रमाण! भारतातून आलेल्या मर्दनाच्या 18 क्रियाही त्यांनी नोंदवल्या. हात धुतल्यासारखे चोळणे, धनुष्य ओढल्यासारखे ताणणे अशा या क्रियांना पैसा लागत नाही, साधन लागत नाही.

सुन ताओ परंपरेतले, पण बुद्धाची करुणा त्यांनी वैद्यकात आणली. श्रीमंत-गरीब, शत्रू-मित्र, स्वकीय-परकीय सर्व रोगी समान. जखमेची वा जुलाबाची किळस करू नये, हा त्यांचा दंडक. त्यांनी 600 हून अधिक कुष्ठरोग्यांवर उपचार केले. मलमूत्रात पडलेल्या आजारी भिक्खूला तथागतांनी स्वतः आंघोळ घातली होती. ही वाट तीच आहे.

682 मध्ये सुन यांचे निधन झाले. चीन आजही त्यांना औषधांचा राजा मानतो.

आपल्या देशात मात्र माणसाचा स्पर्शच विटाळ ठरवला गेला आणि अंग रगडणाऱ्या, बाळंतिणीला न्हाऊ घालणाऱ्या हातांना हलके मानले गेले. म्हणून मित्रांनो, आपल्या वस्तीत आरोग्य शिबिर घ्याल तेव्हा नावे लिहून घेण्यावर थांबू नका. म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, त्याचा हात हातात घ्या, कुठे दुखते ते विचारा.