तपांबराची उंची आणि डॉ. रामनाथन

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढं गेला की आपल्याकडची माणसं चिखलदऱ्याची वाट धरतात. अकोला समुद्रसपाटीपासून साधारण २८० मीटरवर, चिखलदरा सुमारे १,१०० मीटरवर. तपांबरात किलोमीटरमागे तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे दोन्हीकडच्या हवेत पाचेक अंशांचा फरक पडतो. हे गणित मुलांना लगेच पटतं. पण असंच वर वर जात राहिलं तर गारवा कुठवर वाढत जाईल?

फ्रान्सच्या तेस्रां द बोर यांनी शेकडो फुगे सोडून १९०२ मध्ये जाहीर केलं, की ११ किलोमीटरच्या आसपास तापमान उतरायचं थांबतं. भारतावरच्या हवेचं काय, याचा नीट छडा लावला तो कल्पाती रामकृष्ण रामनाथन यांनी.

त्यांचा जन्म २८ फेब्रुवारी १८९३ चा, केरळातल्या पालक्काडजवळचा. (आपण विज्ञान दिन साजरा करतो तीच तारीख!) त्रिवेंद्रमच्या कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवत. पुढे कलकत्त्याला सी. व्ही. रामन यांच्याकडे गेले. प्रकाशाच्या विखुरण्यावर प्रयोग करताना १९२३ मध्ये त्यांना एक क्षीण, वेगळाच प्रकाश दिसला होता. रामन परिणामाची ती चाहूल होती, हे नंतर कळलं. १९२५ मध्ये ते हवामान खात्यात आले आणि पुण्याच्या कार्यालयात त्यांनी बराच काळ काम केलं.

त्या काळी आग्र्याहून हायड्रोजनचे रबरी फुगे सोडत. खाली टांगलेलं हलकंसं उपकरण धातूच्या पत्र्यावर तापमान आणि दाब कोरत जाई. फुगा वर जाऊन फुटे, उपकरण कुठंतरी शेतात पडे. ते कुणी आणून दिलं तरच नोंद हाती लागायची! अशा नोंदींची इतर देशांतल्या नोंदींशी सांगड घालून रामनाथन यांनी १९२९ मध्ये विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंतच्या हवेचं चित्र मांडलं.

ते चित्र चक्रावून टाकणारं आहे. जमिनीलगत थंड असलेल्या ध्रुवावर तपांबर आठ-नऊ किलोमीटरवरच संपतं. विषुववृत्ताकडच्या उष्ण प्रदेशात मात्र ते १६-१७ किलोमीटरपर्यंत जातं, आणि तिथली हवा उणे ८० अंशांच्या आसपास असते. म्हणजे सगळ्यात तापलेल्या जमिनीच्या डोक्यावरच तपांबरातली सगळ्यात थंड हवा! कारण साधं आहे. तापलेली, दमट हवा जोरानं आणि खूप उंच चढते. चढताना प्रसरण पावते, म्हणून थंड होत जाते. जिना जितका उंच तितक्या पायऱ्या जास्त.

पुस्तकातला ११ किलोमीटरचा आकडा मध्यम अक्षवृत्तांवर ठीक बसतो. आपल्या वऱ्हाडावर तपस्तब्धी त्याहून बरीच उंच असते. अवकाळी पावसाआधी दुपारी एखादा ढग मनोऱ्यासारखा चढतो आणि माथ्याला ऐरणीसारखा सपाट पसरतो, तो बऱ्याचदा याच छताला टेकलेला असतो. वर्गाबाहेर नेऊन दाखवण्यासारखी गोष्ट आहे ही, अर्थात वीज कडाडायच्या आत.

छताच्या वर, स्थितांबरात, तापमान पुन्हा चढतं, कारण तिथला ओझोन सूर्याची अतिनील किरणं शोषतो. खात्यातून निवृत्त झाल्यावर रामनाथन अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले, आणि १९८४ मध्ये वारले तोवर या ओझोनचाच माग घेत राहिले.