संपादक बोटीवर, बातमीदार तुरुंगात

बेंजामिन गाय हॉर्निमन हे गोरे इंग्रज. १८७३ साली इंग्लंडातील ससेक्स परगण्यात जन्मले. राज्यकर्त्यांच्या घरात जन्मूनही त्यांनी लेखणी राज्यकर्त्यांवरच चालवली, म्हणून आम्ही त्यांना मानतो.

१९०६ साली ते कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'मध्ये आले. पुढे १९१३ साली फिरोजशहा मेहता यांनी मुंबईत 'बॉम्बे क्रॉनिकल' काढले व संपादक म्हणून त्यांना नेमले. होमरूल चळवळीत ते उघड उतरले. सरकारच्या डोळ्यांत ते खुपत होतेच.

१९१९ साल उजाडले. रौलट कायदा आला. १३ एप्रिलला जालियनवाला बागेत जनरल डायरने निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या. पंजाबात लष्करी कायदा पुकारला गेला. बातमी बाहेर जाऊ नये हा सरकारचा खरा बंदोबस्त होता. 'क्रॉनिकल' मात्र या दडपशाहीवर तुटून पडले. २६ एप्रिलला भारत संरक्षण कायद्याचा आधार घेऊन हॉर्निमन यांना बोटीने इंग्लंडला हद्दपार केले गेले. खटला नाही, सुनावणी नाही. पत्रही काही काळ बंद पडले.

याच पत्राचे बातमीदार गोवर्धनदास यांना तीन वर्षांची कैद झाली. संपादक निदान स्वतःच्या मुलखात गेले. बातमीदार कोठडीत गेला. हॉर्निमन यांचे मोठेपण आम्ही कमी लेखत नाही. पण गोवर्धनदास हे नाव त्यांच्या चरित्रात एका ओळीपुरतेच येते, हे आम्हांस खटकते. आज नगर जिल्ह्यातल्या मिरजगावसारख्या गावातून वस्तीवरच्या बहिष्काराची बातमी पाठवणाऱ्या तरुणाचे काय? अग्रलेख मुंबईत लिहिला जातो. त्याला मात्र दुसऱ्या दिवशी त्याच गावात पाणी भरायचे असते, त्याच दुकानातून किराणा आणायचा असतो.

हॉर्निमन हद्दपारीत असतानाच, ३१ जानेवारी १९२० रोजी, बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले. पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला 'केसरी' तयार नव्हता. तिथे कोणता सरकारी कायदा आडवा आला होता?

इंग्लंडात हॉर्निमन गप्प बसले नाहीत. अमृतसरच्या कत्तलीवर त्यांनी १९२० साली इंग्रजीत पुस्तक लिहिले व खुद्द गोऱ्या वाचकांपुढे ठेवले. परत येण्यास त्यांना जानेवारी १९२६ उजाडला. आले ते पुन्हा 'क्रॉनिकल'मध्येच बसले. १९३३ पासून त्यांनी 'बॉम्बे सेंटिनेल' हे सायंदैनिक चालवले. १९४१ साली रुसी करंजिया व दिनकर नाडकर्णी यांच्यासोबत 'ब्लिट्झ' काढले, तेव्हा त्यांचे वय ६७ होते. ऑक्टोबर १९४८ मध्ये ते वारले. मुंबईच्या फोर्ट भागातील एल्फिन्स्टन सर्कलला पुढे त्यांचे नाव दिले गेले.