५ हजार शाळा उभारणारा अमेरिकन शेठ, आणि त्याच्यापेक्षाही जास्त पैसे देणारे शेतमजूर पालक

शाळेचं गॅदरिंग असतं. स्टेजमागच्या फ्लेक्सवर खाली चार नावं असतात. एखादं ज्वेलर्स, एखादं मेडिकल, एक क्लासवाले, एक बिल्डर. वर लिहिलेलं असतं ‘सौजन्य’. गावातल्या धंदेवाल्यांनी शाळेला केलेली मदत बहुतेक वेळा इथंच संपते. पैसे आले, फ्लेक्स लागला, फोटो झाला. पालक समोर खुर्चीत बसून टाळ्या वाजवतात.

शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका व्यापाऱ्यानं वेगळा हिशोब मांडला. शाळेला पैसे देतो, पण आधी पालकांनी आपला वाटा उचलायचा. आणि सरकारी शिक्षण खात्यानंही. तिघं एकत्र आले तरच शाळा.

त्यांचं नाव ज्युलियस रोझेनवाल्ड.

१२ ऑगस्ट १८६२ ला इलिनॉय राज्यातल्या स्प्रिंगफिल्ड गावात त्यांचा जन्म झाला. अब्राहम लिंकन यांचं घरही याच गावातलं, रोझेनवाल्डांच्या घराजवळच. वडील जर्मनीतून आलेले ज्यू, कपड्यांचं दुकान चालवायचे. ज्युलियस यांनी हायस्कूल अर्धवट सोडलं आणि न्यूयॉर्कला मामांकडे कपड्यांचा धंदा शिकायला गेले. पुढं शिकागोत पुरुषांचे सूट शिवून विकायला सुरुवात केली. पुढे ज्या माणसाच्या पैशातून लाखो पोरं शाळेत बसली, त्यानं स्वतः हायस्कूलही पूर्ण केलं नव्हतं.

१८९५ साली त्यांनी मेव्हण्यासोबत मिळून एका कंपनीचा अर्धा हिस्सा ७५ हजार डॉलरला घेतला. कंपनी होती सिअर्स, रोबक अँड कंपनी. आजच्या भाषेत सांगायचं तर त्या काळचं अ‍ॅमेझॉन. जाडजूड कॅटलॉग घरी यायचा, त्यात घड्याळापासून शिलाई मशीनपर्यंत सगळं असायचं, ऑर्डर टपालानं जायची आणि माल रेल्वेनं यायचा. पुढं तर अख्खं घर सुट्या भागांत मिळायला लागलं. १९०८ मध्ये रोझेनवाल्ड कंपनीचे अध्यक्ष झाले. पैसा प्रचंड आला.

आता दुसऱ्या माणसाकडे येऊ, कारण त्याच्याशिवाय ही गोष्ट घडलीच नसती. बुकर टी. वॉशिंग्टन. गुलामीत जन्मलेले, पुढं अलाबामात टस्कीगी इथं कृष्णवर्णीयांसाठी मोठी शिक्षणसंस्था उभारणारे. रोझेनवाल्ड यांनी त्यांचं आत्मचरित्र वाचलं होतं. १९११ मध्ये दोघांची शिकागोत भेट झाली. त्याच वर्षी रोझेनवाल्ड टस्कीगी बघून आले आणि पुढच्या वर्षी संस्थेचे विश्वस्त झाले.

तेव्हा अमेरिकेच्या दक्षिण भागात गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाळा कायद्यानंच वेगळ्या होत्या. तिजोरीची किल्ली गोऱ्यांच्या हातात. त्यामुळं गोऱ्या मुलांना पक्की इमारत मिळायची आणि काळ्या मुलांचा वर्ग चर्चमध्ये नाहीतर गळक्या खोपटात भरायचा. तोही वर्षातले मोजके महिने, कारण कापूस वेचणीला पोरांचे हात लागायचे. पालक बहुतेक दुसऱ्याच्या रानात वाट्यानं कापूस पिकवणारे.

१९१२ साली पन्नासाव्या वाढदिवसाला रोझेनवाल्ड यांनी टस्कीगीला २५ हजार डॉलर दिले. त्यातले सुमारे २,८०० डॉलर उरले. वॉशिंग्टन यांनी विचारलं, यातून खेड्यांत सहा छोट्या शाळा बांधून बघू का? रोझेनवाल्ड यांनी होकार दिला. १९१३ मध्ये पहिली शाळा अलाबामातल्या लोचापोका गावात उभी राहिली.

यातला एक किस्सा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शाळांसाठी सिअर्सच्याच तयार इमारती पाठवाव्यात, असा विचार आधी रोझेनवाल्ड यांनी केला होता. व्यापारी डोकं, साहजिक आहे. काम पटकन झालं असतं आणि मालही आपलाच खपला असता. पण वॉशिंग्टन यांना ते पटलं नाही. लाकूड गावातलं हवं, सुतार गावातला हवा, हात पालकांचे हवेत, असं त्यांचं म्हणणं होतं. रोझेनवाल्ड यांनी ते ऐकलं. मदत करणारा मदत घेणाऱ्याचं ऐकतो, हे तेव्हाही दुर्मिळ होतं आणि आजही आहे.

मग गावागावांत सुरू झालं ते आपल्याकडं ज्याला लोकवर्गणी आणि श्रमदान म्हणतात, तसंच काहीतरी. कुणी जमीन दिली. कुणी झाडं तोडून लाकूड दिलं. शेतकऱ्यांनी कापसाचा एक तुकडा शाळेच्या नावानं राखून ठेवला आणि त्याचं पीक विकून पैसे भरले. बायकांनी जेवणाचे डबे करून त्यांचा लिलाव केला, कोंबडी तळून विकली. पोरांनी चिल्लर जमवली. अलाबामातल्या एका सभेत गुलामीचे दिवस पाहिलेला एक म्हातारा उठला, मळक्या थैलीतली आयुष्यभराची पुंजी त्यानं टेबलावर ओतली. मोजली तर ३८ डॉलर भरले.

शाळा झाली म्हणजे पालकांचं काम संपलं, असंही नव्हतं. टस्कीगीतल्या वास्तुविशारदांनी शाळांचे नकाशे बनवले होते. वीज नव्हती, म्हणून पूर्व-पश्चिम उजेड येईल अशा उंच खिडक्यांच्या रांगा ठेवल्या. दोन वर्गांच्या मधली भिंत सरकवता यायची, की झाला गावाच्या सभेचा हॉल. वर्षातून एकदा ‘रोझेनवाल्ड डे’ असायचा, त्या दिवशी पालक येऊन आवार झाडायचे, डागडुजी करायचे आणि पुढच्या कामासाठी पैसे गोळा करायचे.

१९१५ मध्ये वॉशिंग्टन गेले. पण काम थांबलं नाही. १९१७ मध्ये रोझेनवाल्ड यांनी त्यासाठी स्वतंत्र फंड काढला आणि शाळा १५ राज्यांत पसरल्या. १९३२ पर्यंतचा आकडा आहे ४,९७७ शाळा, शिवाय २१७ शिक्षकांची घरं आणि १६३ कार्यशाळा.

आता पैशांचा हिशोब बघा. एकूण खर्च २ कोटी ८४ लाख डॉलर. त्यातले रोझेनवाल्ड यांचे साधारण ४४ लाख. कृष्णवर्णीय लोकांनी रोख, जमीन, लाकूड आणि मजुरी धरून दिले ४७ लाखांच्या वर. म्हणजे देशातल्या बड्या श्रीमंतांपैकी एकापेक्षा कापूस वेचणाऱ्यांनी जास्त दिले! गोऱ्या देणगीदारांचे १२ लाख होते. उरलेले जवळपास १ कोटी ८१ लाख सरकारी तिजोरीतून आले. खरी मेख इथंच होती. ज्या शिक्षण मंडळांनी काळ्या मुलांकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, त्यांना आता खिशात हात घालावा लागला.

पण नाव मात्र इतिहासात एकाचंच राहिलं.

आणि या योजनेवरचा आक्षेपही साधा नाही. कृष्णवर्णीय माणूस कर भरतच होता. त्या करातून त्याच्या पोराला शाळा मिळायला हवी होती. ती मिळाली नाही, म्हणून त्यानं परत वर्गणी भरली. इतिहासकार याला दुहेरी कर म्हणतात. त्यात भर म्हणजे, लोकांनी दिलेली जमीन आणि बांधलेली इमारत सरकारी शिक्षण मंडळाच्या नावावर करावी लागायची, आणि त्या मंडळावर बसलेले असायचे गोरे. वेगळ्या शाळांचा कायदा चूक आहे, असं म्हणत रोझेनवाल्ड यांनी त्याच्याविरुद्ध आघाडी उघडली नाही. आहे त्या चौकटीत जे जमलं ते केलं. ज्यांची पोरं त्या चौकटीत अडकली होती, त्यांच्यासाठी ही छोटी गोष्ट नव्हती आणि पुरेशीही नव्हती.

माणूस म्हणून मात्र ते नावाच्या हव्यासातले नव्हते. शिकागोत त्यांच्या पैशातून विज्ञान आणि उद्योगांचं मोठं संग्रहालय झालं, त्याला आपलं नाव द्यायला त्यांनी विरोध केला. फंड कायमचा चालू ठेवायलाही त्यांचा नकार होता. आपण गेल्यावर २५ वर्षांच्या आत सगळे पैसे खर्च करून टाका, असं त्यांनी बजावून ठेवलं होतं. ६ जानेवारी १९३२ ला ते गेले. पुढं फंडानं लेखक, कलाकार, संशोधकांना शिष्यवृत्त्या दिल्या, त्यात लँग्स्टन ह्यूज आणि जेम्स बाल्डविनसारखी नावं आहेत. १९४८ ला पैसे संपले आणि फंड बंद झाला.

तोपर्यंत दक्षिणेतल्या खेड्यांतली काळी मुलं कितीतरी जास्त वर्षं शिकायला लागली होती. याच शाळांमधून माया अँजेलू शिकल्या, पुढं खासदार झालेले जॉन लुईस शिकले.

१९५४ मध्ये सुप्रीम कोर्टानं वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. ज्यासाठी लढा होता ते मिळालं, पण त्यानंतर या शाळा हळूहळू बंद पडत गेल्या. काही पाडल्या, काही विकल्या, काहींमध्ये गवत भरून ठेवलं. २००२ साली अमेरिकेतल्या नामशेष होऊ घातलेल्या ११ वारसास्थळांच्या यादीत त्यांचं नाव आलं, तेव्हा कुठं शोधाशोध सुरू झाली. आज त्यातल्या शेकडोच उरल्यात. काही ठिकाणी तिथं शिकलेले म्हातारे आजी-आजोबाच पुढं आले, वर्गणी काढली आणि छप्पर नवं घातलं.